तुम्ही विचारलंत म्हणून: शिबिरात साधा मोबाईलही का लावू देत नाही?

"एका मोबाईलनं काय होते जी?" आकाशदर्शनाच्या शिबिरात हा प्रश्न ठरलेला. चहाच्या रांगेत कुणीतरी विचारतंच, आणि रात्री रांग सांभाळताना नीट उत्तर देता येत नाही. मग आम्ही नुसते "बंद करा, बंद करा" ओरडणारे ठरतो. म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

अंधारात आल्यावर डोळ्याची बाहुली लगेच मोठी होते आणि वाटतं, झाले डोळे तयार. खरं काम त्यानंतर सुरू होतं. अंधुक उजेडात बघणाऱ्या दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. पांढऱ्या उजेडात ते विरतं आणि पुन्हा पुरेसं साचायला २० ते ३० मिनिटं लागतात. डोळे चोळून हा वेळ कमी होत नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला २०२४च्या जानेवारीत भारतातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेल्या जागेचा, दर्जा मिळाला. नागपूरकर मनसर ओलांडून तिकडे जातात ते त्या अंधारासाठीच. तिथे पोचूनही डोळे नागपुरातलेच राहिले, तर डिझेल वाया.

डिसेंबरातल्या अमावास्येच्या एका शिबिरात काय झालं ते सांगतो. आठ इंची डॉब्सोनियनवर, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीवर, त्रिकोण दीर्घिका, म्हणजे एम ३३ हा ताऱ्यांचा दूरचा महासमूह लावला होता. संध्याकाळी आठच्या सुमारास ही दीर्घिका जवळजवळ डोक्यावर असते आणि तिथे डॉब्सोनियन वळवणं जिकिरीचं, कारण आडवं थोडं सरकवायचं तरी अख्खी नळी खूप फिरवावी लागते. हिची एकूण तेजस्विता ५.७ (हा आकडा जितका मोठा तितकी वस्तू फिकी), पण तो प्रकाश पौर्णिमेच्या चंद्राहून मोठ्या जागेत पसरलेला. त्यामुळे नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, ३२ मिलिमीटरची. दुर्बिणीच्या १२०० मिलिमीटर नाभीय अंतराला (फोकल लेंग्थ) ती सुमारे ३७ पट मोठं दाखवते. १० मिलिमीटरची लावली की १२० पट होतं आणि दीर्घिका पार विरघळते.

रांगेत जवळच्या गावातले एक निवृत्त गुरुजी होते. अंधारात बराच वेळ शांत उभे. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांना सांगितलं, सरळ मध्ये बघू नका, नजर जराशी बाजूला ठेवा, कारण दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात. नळीला बोटाने हलकी टिचकी मारली. फिकट वस्तू हलली की डोळ्याला चटकन जाणवते. "हो, काहीतरी आहे," असं ते म्हणेपर्यंत उशिरा आलेली एक गाडी अप्पर लावून थेट मैदानात वळली. आतल्याने दार उघडलं, छताचा दिवा लागला, मग डिकीचा. दुर्बिणीकडे येताना मोबाईलचा टॉर्च. चांगला माणूस होता, लेकराला आकाश दाखवायला आला होता.

गुरुजींनी पुन्हा डोळा लावला. "काही दिसून नाही राहिलं." थांबा म्हटलं. थांबले. पण त्यांच्या मागची सगळी रांगही त्याच क्षणी शून्यावर आली होती आणि त्यांना गावी सोडणारी गाडी निघायच्या बेतात होती. सुमारे २७ लाख वर्षांपूर्वी निघालेला तो प्रकाश नळीत उतरत होता, नेत्रिकेपर्यंत पोचत होता, आणि गुरुजी दुर्बिणीतच काही बिघाड असेल म्हणून निघून गेले. त्यानंतर "एका मोबाईलनं काय होते" हे वाक्य मला हलकं घेता येत नाही.

आता तुमची बाजू. लाल उजेडाने ऱ्होडॉप्सिन फारसं विरत नाही, म्हणून शिबिरात मंद लाल दिवेच चालतात. साप-विंचवाची भीती खोटी नाही, आणि लाल उजेडात तपकिरी विंचू तपकिरी मातीत दिसत नाही हेही खरं. म्हणून अंधार पडला की निरीक्षण सुरू करायच्या आधी पराबैंगनी टॉर्चने मैदान तपासावं. त्याच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. स्वच्छतागृहाच्या वाटेवर जमिनीकडे तोंड केलेले लाल दिवे, दुर्बिणींच्या पायांना लाल एलईडी, आणि पांढरा टॉर्च एकाच संयोजकाकडे, प्रथमोपचारासाठी. बूट सगळ्यांनी घालायचेच.

टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावता, तो एकपदरी पुरत नाही; पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश भरपूर असतो. तीन-चार पदर करा, वर रबरबँड. तरीही झगझगीत वाटला तर आणखी पदर घाला, कारण लाल उजेडही तीव्र असेल तर डोळे बिघडवतोच. तारानकाशावर लाल पेनाने खुणा करू नका, त्या उजेडात गायब होतात. मोबाईलचा पिवळसर 'नाईट मोड' उपयोगाचा नाही. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीतल्या कलर फिल्टर्समध्ये कलर टिंट पूर्ण लाल करता येतो, आकाशाच्या बऱ्याच ॲपमध्ये लाल रंगाची सोय असते. तिथेही ब्राइटनेस तळाला. सगळ्यात जास्त विसरलं जातं ते स्मार्टवॉच. नेत्रिकेकडे हात नेला की मनगट वळतं आणि स्क्रीन उजळतो, तोही डोळ्यापासून वितभर अंतरावर. आणि गाडी सूर्यास्ताआधी, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून लावा. छताचा दिवा बंद, स्वेटर आणि डबे आधीच बाहेर. रिमोटने लॉक केली तरी इंडिकेटर लुकलुकतात, म्हणून किल्लीने लावा.

पूर्वी माझं ठाम मत होतं की मोबाईल गेटवरच गोळा करावेत. पण ॲपवर नक्षत्र शोधून मग मान वर करणारी पोरं बघितली की ते मत डळमळतं. घरी म्हातारी आई असलेल्या माणसाकडून फोन कसा काढून घ्यायचा, हाही प्रश्न आहेच. उलट "ज्याचं त्याने ठरवावं" हेही पटत नाही, कारण नुकसान रांगेतल्या सगळ्यांचं होतं. उशिरा येणारी गाडी फाटकाबाहेर लावून माणसांना चालत आत आणावं, असं मी म्हणतो. लहान लेकरं आणि सामान घेऊन आलेल्यांना अंधारात चालवायचं का, असं आमच्यातलेच काही जण विचारतात. पुढच्या अमावास्येच्या बैठकीत त्यावर पुन्हा वाद होणार आहे.