पिंपळगाव ते इंदूर आणि परत: जाताना चढ, येताना परीक्षा

पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून इंदूरला जायचं म्हणजे चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा, धामनोद, मानपूर असा आग्रा रोड. अंतर साधारण 400 किलोमीटर. लांब पल्ल्यावर पहिल्यांदा निघणाऱ्या ड्रायव्हरला आम्ही आधी हाच रस्ता देतो, कारण गाडीला आणि माणसाला लागणारं सगळं इथे दोन फेऱ्यांत कळतं.

भरल्या गाडीचा काटा बाजारातून निघण्याआधीच करा. दहा चाकीला 28.5 टनांची मर्यादा आहे ती गाडीसकट आहे, आणि गाडीच 9-10 टन खाते. तुमच्या आरसीवर कमी आकडा असेल तर तोच खरा. जास्त निघालं तर 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. ताडपत्री कांद्यावर गच्च आवळू नका. बाजूने वारा खेळला नाही तर माल तापतो, पाणी सोडतो आणि दुसऱ्या दिवशी गोण्या ओल्या लागतात.

ताज्या कांद्याला ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) लागत नाही. परतीला कारखान्याचा माल असला की लागतं. त्याच्या मुदतीचा 200 किलोमीटरला एक दिवस असा हिशोब असतो. गाडी बंद पडून मुदत चुकत असेल तर संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंत वाढवून मिळते, म्हणून पाठवणाऱ्याला लगेच फोन करा.

पहाटे गाडी सुरू करण्याआधी ब्रेकच्या हवेच्या टाक्यांचे ड्रेन कॉक उघडून पाणी काढा. पावसाळ्यात तर चुकवूच नका, हेच पाणी व्हॉल्व्ह गंजवतं. मग 8 बारपर्यंत हवा भरू द्या, इंजिन बंद करा, ब्रेक मिनिटभर दाबून धरा. हवेच्या दाबाचा काटा उतरतच राहिला तर गळती आहे. क्लीनरला चाकापाशी उभं करा, फुस्स आवाज कुठून येतो ते तो सांगेल. मागच्या जोडचाकांना टॉमीने (लोखंडी दांड्याने) ठोका: भरलेला टायर टणक वाजतो, बसलेला थबकन. आतला टायर बसला असेल तर डोळ्यांना दिसत नाही, कारण बाहेरचा एकटा ओझं पेलतो आणि तापून तोच फुटतो. जोडचाकांत अडकलेला दगड काढा. टायर बदलला असेल तर 50-100 किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळा. बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत युरियाची, म्हणजे धूर साफ करणाऱ्या द्रवाची, 20 लिटरची बादली जवळ असू द्या. त्याची टाकी संपली की इंजिन जोर सोडतं, आणि ते नेमकं चढावर कळतं.

चांदवडच्या पुढे राहूड घाट उतरला की हाताला सवय होते. पळासनेरनंतर बिजासन आणि धामनोदनंतर गणपती घाट, दोन्ही जाताना चढ आहेत. गाडी रेंगाळते, पण भीती वाटत नाही. खरा धोका परतीला आहे, कारण तेच दोन घाट उतरायचे असतात. जुलै 2023 मध्ये बिजासन उतरून आलेला, ब्रेक निकामी झालेला कंटेनर पळासनेरला हॉटेलात घुसला होता.

उतार लागण्याआधीच, सपाटीवर, गिअर पाडा. ज्या गिअरमध्ये ती गाडी तो घाट चढली असती त्याच गिअरमध्ये उतरा आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी आवरणारा) लावा. पाय ब्रेकवर नुसता ठेवून देऊ नका. वेग वाढला की एकदा नीट दाबून कमी करा आणि सोडा. सतत दाबल्याने ड्रम तापून फुगतो, त्याला घासणारा लायनर गुळगुळीत होतो, पेडल खाली जातं पण गाडी धरत नाही. मग घाबरून माणूस पेडल मारत राहतो आणि टाकीतली हवा संपवतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकली की इंजिनाची पकड गेलीच, आणि वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही. जळक्या लायनरचा वास आला तर पहिल्या मोकळ्या जागी थांबा, चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, अर्धा तास जाऊ द्या. तापल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो.

झोपेचं गणित कायद्यातही आहे: सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, दिवसाला जास्तीत जास्त 8 तास काम. इंदूरला गाडी रात्री खाली झाली तर झोपा आणि पहाटे निघा, म्हणजे मानपूरनंतरचा गणपती घाटाचा उतार उजेडात सापडतो.