कार्पेट काढायचं की ठेवायचं

आम्ही इकडे न्यू जर्सीत टाउनहाउस घेतलं २०१४ ला, तेव्हा खालीवर सगळीकडे बेज कलरचं वॉल टू वॉल कार्पेट होतं, आणि पहिल्याच थंडीत ते पायाला इतकं ऊबदार वाटलं की ते काढायचा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नाही. आई साताऱ्याहून आली की दर वेळी म्हणायची, अगं व्हॅक्यूम फिरवलास ते दिसतंय, पण ओलं फडकं मारल्याशिवाय मला घर पुसल्यासारखं वाटतच नाही. मी म्हणायचे, आई इकडे असंच असतं.

मग मुलाच्या शिंका सुरू झाल्या. रोज सकाळी उठल्या उठल्या दहा-पंधरा, डोळे लाल, नाक चोंदलेलं. टेस्टमध्ये डस्ट माइटची (धुळीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) अ‍ॅलर्जी निघाली. डॉक्टरांनी सांगितलं की आधी गादी-उशीला अ‍ॅलर्जीची झिपवाली कव्हरं घाला, चादरी दर आठवड्याला १३० डिग्री फॅरनहाइटच्या गरम पाण्यात धुवा, आणि जमेल तेव्हा त्याच्या खोलीतलं कार्पेट काढा. कव्हरांनी थोडा फरक पडला, पण खोलीत शिरलं की ते कार्पेट मला आता वेगळंच दिसायला लागलं होतं.

दुकानात जायच्या आधी आम्ही एक काम केलं आणि ते सगळ्यांनी कराच असं मी अगदी मनापासून सांगेन. क्लोजेटच्या आतला, कुणाला दिसणार नाही असा कोपरा पक्कडीने धरून वर उचलला. कडेला लाकडी पट्टी असते, तिचे खिळे वर तोंड करून असतात, कार्पेट त्यात अडकवलेलं असतं (हातमोजे घाला, टोकं फार बारीक असतात). त्याखाली रंगीबेरंगी फोमचे तुकडे चिकटवून केलेलं पॅड, आणि पॅडखाली प्लायवूडवर चाळलेल्या पिठासारखी बारीक माती. आठवड्यातून दोनदा व्हॅक्यूम होणाऱ्या घरातली! मी ती बोटावर घेऊन बराच वेळ बघत बसले. वरून शॅम्पू मारून घेऊ हा विचार तिथेच संपला.

खाली फॅमिली रूममध्ये वेगळीच गोष्ट निघाली. तिथे प्लायवूड नाही, थेट काँक्रीटचा स्लॅब आहे, आणि मागच्या सरकत्या काचेच्या दाराजवळ त्या पट्टीचे खिळे इतके गंजलेले की हाताने तुटले. म्हणजे तिथे ओल येत होती आणि वरून काही कळत नव्हतं. नवऱ्याने दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद काँक्रीटवर चारी बाजूंनी टेप लावून चिकटवला, दोन दिवसांनी उचलला तर आतून पाण्याचे थेंब. कारण सापडलं ते बाहेर, छताच्या पन्हळीचा पाइप अगदी दारापाशीच पाणी सोडत होता. तो आठ फूट लांब नेला, जमिनीला उतार करून घेतला, महिनाभर थांबलो आणि परत कागद लावला तेव्हा कोरडा निघाला. कार्पेट असो की लाकूड, ओलीवर काहीही टाकलं तरी ते वाया जातं, त्यामुळे हा महिना मला अजिबात जड गेला नाही.

माझ्या मैत्रिणीचं घर १९५५ चं, तिने असाच कोपरा उचलला तर खाली पूर्ण ओकचं लाकूड! फक्त घासून पॉलिश करावं लागलं. पण जुन्या घरात कार्पेटखाली ९ इंची चौकोनी टाइल्स दिसल्या तर त्या उचकटू नका, त्यात आणि त्याखालच्या काळ्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून आत गेलं तर फुप्फुसांना घातक असलेलं तंतूंचं खनिज) असू शकतं, आधी तपासून घ्या.

आता दुकानं. एका ठिकाणी स्क्वेअर फुटाचा रेट इतका कमी सांगितला की आम्ही जवळजवळ हो म्हणालो होतो, पण कागद नीट वाचल्यावर जुनं काढणं, उचलून नेणं, फर्निचर हलवणं, जिन्याची प्रत्येक पायरी, सगळं वेगळं. कार्पेटचा रोल बहुतेक १२ फूट रुंद येतो, आमची फॅमिली रूम १३ बाय १७ फूट, म्हणजे मधे जोड येणारच, तो कुठे येणार हे विचारल्यावरच सांगितलं. कोटेशन घेताना हे सगळं लिहून घ्या, तोंडी ऐकू नका.

शेवटी आम्ही घर एकसारखं करायचा हट्ट सोडला आणि खोलीखोलीचा विचार केला. स्लॅबवर पाण्याला न घाबरणारं व्हिनाइल प्लँक (लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या), २० मिल वेअर लेअरचं (वरचा झीज सोसणारा थर, मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), २२१ स्क्वेअर फुटाला दहा टक्के वाया धरून २४३. मुलाच्या खोलीत तेच. आमच्या बेडरूममध्ये आणि आईबाबांच्या खोलीत परत कार्पेटच, कारण जानेवारीत पहाटे बाबांचे गुडघे आखडतात आणि गार जमिनीवर पाय टेकवताना त्यांचा चेहरा मी बघितलाय. पॅड जाड घ्यायचा मोह होतो, पण ७/१६ इंचापेक्षा जाड घेऊ नका, कार्पेट खालून दबून लवकर सैल पडतं. जाडीपेक्षा घट्टपणा बघा, आम्ही ८ पाउंड डेन्सिटीचं (म्हणजे एका घनफुटाचं वजन ८ पाउंड) घेतलं.

जिन्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. फॅमिली रूममधलं जुनं कार्पेट आणि पॅड मिळून इंचभर होतं, त्या जागी पाव इंचाचं प्लँक आलं की जमीन खाली जाते आणि खालची पहिली पायरी पाऊण इंच उंच होते, आणि पाय सवयीने पडतो हो, सत्तरीच्या माणसाला एवढा फरक पुरतो. म्हणून जिन्यावर कार्पेट ठेवलं पण आखूड लवीचं आणि पातळ घट्ट पॅडवालं, म्हणजे तो फरक बराच कमी झाला आणि पाय घसरायची भीतीही नाही.

जुनं सगळं निघाल्यावर आणि नवीन यायच्या आधी एक संध्याकाळ मधे मिळाली, त्यात नवऱ्याने वरच्या मजल्यावर जिथे जिथे करकर वाजायचं तिथे प्लायवूडला स्क्रू मारले. आधीच्या मालकांच्या कुत्र्याचे डाग होते तिथे शेलॅकचा प्रायमर (डाग आणि वास आतच अडवणारा लेप) लावला, तोही दोन हात, दमट दिवसात येणारा तो वास आता अजिबात नाही.

मुलाच्या शिंका अगदी थांबल्या नाहीत पण सकाळच्या दोन-तीनवर आल्यात. आणि आई मागच्या महिन्यात आली, दुसऱ्याच दिवशी बादली आणि फडकं घेऊन फॅमिली रूममध्ये बसली, मी म्हणलं अगं आई मॉप आहे की, तर म्हणाली राहू दे गं, कोपरे हातानेच निघतात.