गोंयच्या सायबाच्या वाटेवर

सावंतवाडीहून पायी निघालेला तो जथा मला म्हापशाला भेटला. पुढे क्रूस धरलेला माणूस, मागे बायका, शाळकरी पोरं आणि शेवटी पाण्याचे कॅन भरलेला टेम्पो. रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कोकणीत; गप्पा मालवणीत. "येवचा आसा तर चला," एक आजी म्हणाल्या आणि मी त्यांच्याबरोबर चालू लागलो.

2024 चा नोव्हेंबर संपत आला होता. संत फ्रान्सिस झेवियर, म्हणजेच 'गोंयचो सायब', यांचं फेस्त (सण) 3 डिसेंबरला, त्याआधी नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना. त्यात हे दर दहा वर्षांनी येणाऱ्या त्यांच्या शवप्रदर्शनाचं वर्ष. कोकणातून आणि बेळगावकडून माणसं जुन्या गोव्याकडे चालत येत होती.

पणजीनंतर रायबंदरचा पोंत लागतो. सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी बांधलेला हा लांबलचक रस्ता; एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं. तिथे आजींनी चपला काढून पिशवीत टाकल्या. डांबर चांगलंच तापलं होतं. नातवाचं ऑपरेशन सुखरूप झालं, त्याची आंगवण, म्हणजे नवस, त्या फेडत होत्या. दुखत नाही का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांचा चेहरा पाहून विचारलं नाही.

झेवियर 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, 1554 मध्ये त्यांचा देह गोव्यात आला. तेव्हा एका बाईने भक्तीच्या भरात त्यांच्या पायाचं बोट चावून तोडलं, असं सांगतात. 1614 मध्ये उजवा हात कापून रोमला नेला. आज अंगावर काटा येतो, पण त्यामागची ओढ मला परकी वाटत नाही. पंढरपुरात मुखदर्शन लवकर मिळत असतानाही पदस्पर्शासाठी तासन्‌तास उभी राहणारी माणसं आपल्या घरातलीच असतात.

गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आणावं, असं 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला झेवियर यांनीच कळवलं होतं. ते आलं 1560 मध्ये, त्यांच्या मागे. हा इतिहास विसरून या वाटेवर चालता येत नाही, विसरूही नये. तरी पेडण्याच्या कुंकू लावलेल्या दोन बायका आमच्या पुढेच रांगेत होत्या आणि 'सायबा'ला काय सांगायचं ते आपसात ठरवत होत्या. चार शतकांत लोकांनी या संताला आपल्या परीने आपलासा केला आहे.

एरवी अवशेषांची चांदीची पेटी जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये उंच संगमरवरी चौथऱ्यावर असते, हात पोचत नाही. या वेळी ते से कॅथेड्रलमध्ये काचेच्या पेटीत होते. रांग पुढे सरकली, स्वयंसेवक "चला, चला" म्हणत होते. आजींनी पिशवीतून नातवाचं छोटं बनियन काढलं, काचेवर दाबलं, मग स्वतःच्या कपाळाला लावलं. पाचेक सेकंदांचं काम. त्यासाठी पायाला फोड आले होते आणि त्याबद्दल त्यांच्या तोंडून चकार शब्द नव्हता.

बाहेर फेरीत, म्हणजे फेस्ताच्या जत्रेत, त्यांनी खाजं ही मिठाई घेतली. पुढचं प्रदर्शन आता 2034 मध्ये, मी म्हटलं. पुडी बांधून घेता घेता त्या म्हणाल्या, "ता होवदे. मी फुडल्या वर्सा येतलंय."