विठोबाच्या चेहऱ्यावर आयकॉन नको

आमच्या ऑफिसात अकाउंट्स बघणाऱ्या मॅडमच्या डेस्कटॉपवर पंढरीचा विठोबा आहे. गळ्यात तुळशीहार, कपाळी गंध, स्क्रीनभर. आयकॉन किती म्हणाल तर मोजदाद नाही. टॅली, जीएसटी, ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर (2)’, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’. पण देवाच्या चेहऱ्यावर एकही नाही. सगळे कडेकडेने, प्रभावळीसारखे मांडलेले. रिसायकल बिन पार कोपऱ्यात, विटेपासून लांब. मीटिंगसाठी कुणी प्रोजेक्टर जोडला की रेझोल्यूशन बदलतं आणि सगळे आयकॉन डावीकडे गर्दी करतात. मग मीटिंग संपल्यावर मॅडम आधी चहा नाही की मेल नाही, एकेक आयकॉन उचलून जागच्या जागी नेऊन ठेवतात. ‘ऑटो अरेंज’वरची बरोबरची खूण त्यांनी कधीच काढून टाकली आहे.

माझ्या भाच्याने हे एकदा पाहिलं. “मामा, डोळे दुखतात रे हे बघून,” म्हणाला.

त्याच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी आर्च लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, आणि त्यावर स्क्रीनवरच्या खिडक्या मांडणारा हायपरलँड नावाचा प्रोग्राम. स्क्रीनवर काही म्हणजे काही नाही. काळपट करडा पडदा, वर एक बारीक पट्टी, तिच्यात वेळ आणि बॅटरी. आयकॉन नाहीत, स्टार्ट बटण नाही, माउसला तर तो हात लावत नाही. पण या ‘काही नाही’साठी पोराने घेतलेले कष्ट मी डोळ्यांनी पाहिले आहेत. दोन खिडक्यांमधली फट किती पिक्सेल, कोपऱ्यांची गोलाई किती, टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीच्या, मागचा भाग किती धूसर दिसावा, हे सगळं एका टेक्स्ट फाइलमध्ये हाताने लिहायचं. फट पाचची सहा करायची, मान तिरकी करून बघायचं, परत पाच करायची. रात्रीचे दोन वाजतात. लिनक्सवाल्यांत या सजावटीला राइसिंग म्हणतात. सगळं मनासारखं जमलं की तो टर्मिनल उघडून ‘फास्टफेच’ अशी आज्ञा देतो, की आर्चचा लोगो आणि शेजारी मशीनची कुंडली उमटते. रॅम किती आहे हे त्याला झोपेतही सांगता येईल. तरी बघतो.

या दोघांत हौशी कोण, असं मला विचाराल तर भाचा. मॅडमचा विठोबा एका राइट क्लिकमध्ये आला होता. (काळा पडदा बॅटरी वाचवतो, हे त्याचं ठेवणीतलं उत्तर. ओएलईडी स्क्रीनवर ते खरं आहे. त्याच्या साध्या एलसीडीत मागचा दिवा काळ्यालाही तेवढाच जळतो. हे मी त्याला सांगितलं, तर त्याने विषय बदलला.)

आमच्या पिढीला साधेपणा हौसेने आला नाही, गरिबीने आला. 2001 साली विंडोज एक्सपी आलं, ते निळी पट्टी, हिरवं स्टार्ट बटण आणि ती हिरवीगार टेकडी घेऊन. एमएस-सीआयटीच्या क्लासपासून सायबर कॅफेपर्यंत जिथे जाल तिथे ती टेकडी. कित्येकांना ते कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र वाटायचं. तो फिल्मवर काढलेला साधा फोटो होता. चार्ल्स ओ’रिअर यांनी 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून काढलेला. एरवी त्या टेकडीवर द्राक्षाचे मळे असायचे. फायलोक्सेराची कीड लागून वेली उपटल्या होत्या, म्हणून तेवढं गवत. आणि आमच्याकडे? मशीन असेंबल करून देणारा माणूस घरी यायचा, 256 एमबी रॅम बघून ‘च्’ करायचा आणि माय कॉम्प्युटर, प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड अशा वाटेने जाऊन ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर क्लिक करायचा. सगळी निळाई क्षणात उतरून करड्या चौकोनी पट्ट्या यायच्या. “आता पळेल बघा,” म्हणायचा. पळायचं थोडंफार. पण नव्या कॉम्प्युटरला पहिल्याच दिवशी म्हातारपण आल्यासारखं वाटायचं.

त्या करड्या दिवसांवर उतारा मिळाला तो कॉम्पिझचा, म्हणजे लिनक्सच्या खिडक्यांना करामती शिकवणाऱ्या प्रोग्रामचा. नोव्हेल कंपनीतल्या डेव्हिड रेव्हमनने 2006 च्या सुरुवातीला तो बाहेर आणला, आणि लिनक्सचं रूपच पालटलं. चार डेस्कटॉप एका घनाच्या चार बाजूंवर. कंट्रोल-ऑल्ट दाबून माउसने ओढलं की अख्खा घन हवेत फिरायचा, एका बाजूवर सिनेमा चालू, तो फिरता फिरताही चालूच. खिडकी धरून हलवली की लचकत यायची. बंद केली की जळून जायची, चक्क ज्वाळा लागून. हॉस्टेलवर हे पहिल्यांदा कुणी करून दाखवलं तेव्हा शेजारच्या चार खोल्यांतली पोरं गोळा झाली होती. गंमत अशी की विंडोज व्हिस्टाच्या काचेसारख्या पारदर्शक खिडक्यांसाठी मायक्रोसॉफ्ट एक जीबी रॅम आणि 128 एमबीचं ग्राफिक्स मागत होती, आणि हा घन आमच्या साध्या ऑनबोर्ड ग्राफिक्सवर फिरत होता. लिनक्स म्हणजे स्वातंत्र्य, मुक्त स्रोत वगैरे भाषणांनी आमच्यातलं कुणी हललं नव्हतं. जळणाऱ्या खिडकीने निम्मं हॉस्टेल हललं.

आज त्या घनाला ‘निरुपयोगी’ म्हणणं सोपं आहे. पण केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या नव्या आवृत्तीत तो मधे गायब झाला, तर लोकांनी हाकाटी केली, आणि 2024 च्या आवृत्तीत, प्लाझ्मा 6 मध्ये, तो परत आला. गरजेपोटी कोण हाकाटी करतं? हौसेपोटीच.

समोरच्या, साधेपणावाल्या पक्षाकडेही मुद्दे आहेत. ग्नोम या लिनक्सवरच्या दुसऱ्या डेस्कटॉपचे हॅवक पेनिंग्टन यांनी 2002 च्या सुमारास मांडलं होतं की सेटिंगमधला प्रत्येक पर्याय फुकट येत नाही; तो तपासावा लागतो, सांभाळावा लागतो, आणि त्या गर्दीत कामाचं बटण हरवतं. मग ग्नोमने पर्याय छाटायला घेतले. इतके, की 2005 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी वैतागून लोकांना सरळ केडीई वापरायला सांगितलं. पेनिंग्टनांचं म्हणणं मला पटतं. पण कुणाला काय लागणार नाही हे ठरवायला बसलेला माणूस बहुधा आपल्यासारख्याच माणसाचा विचार करून ठरवतो. तिथे माझा हात अडतो.

आणि हे निव्वळ तात्त्विक नाही. हायपरलँडच्या आधी भाचा त्याच कामाचा डीडब्ल्यूएम नावाचा प्रोग्राम वापरायचा. साधेपणातली शेवटची पायरी. त्याचा कोड कधी 2000 ओळींच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा तो बनवणाऱ्यांचा नेम. सेटिंगची खिडकी नाही; रंग बदलायचा तर कोडमध्ये बदला आणि पुन्हा कंपाइल करा, म्हणजे प्रोग्राम नव्याने तयार करा. पोराने एकदा पट्टीवरचा वार मराठीत आणायचं ठरवलं. वार आले, पण शनिवारातली ऱ्हस्व वेलांटी ‘न’ला सोडून पुढच्या ‘वा’वर कलंडलेली, आणि शुक्रवारात ‘क’चा पाय मोडलेला, ‘र’ वेगळाच उभा. फॉन्ट बदलून पाहिले, सगळे तसेच. कारण फॉन्टमध्ये नव्हतं. वेलांटी अक्षराच्या डावीकडे न्यायची, जोडाक्षर जुळवायचं, हे काम शेपिंगची वेगळी लायब्ररी करते, आणि डीडब्ल्यूएमची पट्टी अक्षरं एकामागे एक नुसती मांडत जाते. इंग्रजीला त्याने काही फरक पडत नाही. ज्याच्या लिपीला वेलांटी नाही, त्याला वेलांटी सांभाळणारा कोड वजनच वाटणार.

“मग आता?” मी विचारलं.

आता हायपरलँडसोबत त्याने पट्टीसाठी वेबार नावाचा प्रोग्राम घेतला. तो जीटीके या खिडक्या-बटणं काढणाऱ्या लायब्ररीवर चालतो, थोडा जड आहे, पण शनिवार शनिवारासारखा दिसतो. दिसायला लागल्यावर त्याला थोडा रंग दिला. मग पट्टीच्या कडा गोल झाल्या. मग खिडक्या बदलताना सरकत यायला लागल्या, कारण हायपरलँडमध्ये ते आहेच म्हणे, बंद कशाला करायचं. परवा आजी शेजारी येऊन बसली होती. तिने चष्मा वर करून पट्टी नीट वाचली आणि वार दाखवतोस तर तिथीही दाखव म्हणाली, एकादशी लक्षात राहत नाही. सध्या तो पंचांगाचं गणित करणारी स्क्रिप्ट शोधतो आहे, आणि एकादशीला पट्टीचा रंग बदलावा की नुसती तुळस यावी यावर त्या दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.