वडाळ्याची वाट आणि मीपणा

वारी म्हटली की आळंदी-देहूहून पंढरपूरला निघणारे पालखी सोहळे डोळ्यांसमोर येतात. पण रजा मोजूनमापून मिळणाऱ्या आम्हा मुंबईकरांसाठी आषाढी एकादशीची एक वारी वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरापर्यंतही असते. प्रतिपंढरपूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मंदिराकडे एकादशीला शहराच्या निरनिराळ्या भागांतून दिंड्या येतात. आमचे भजनी मंडळ लालबागमधल्या एका चाळीतले आहे. काकडा आटोपून पहाटे निघायचे, भारतमाता, परळ, हिंदमाता करीत दादर टीटीला पोहोचायचे आणि खोदादाद सर्कलवरून उजवीकडे वडाळ्याच्या दिशेने वळायचे, असा आमचा रस्ता. अंतर म्हणाल तर फार नाही. पण पावली खेळत आणि अभंग म्हणत चालणाऱ्या दिंडीला घाई करून चालत नाही, आणि हिंदमाताला पाणी साचलेले असले तर ती करताही येत नाही.

मी एका विमा कंपनीच्या फोर्टमधल्या कचेरीत अधिकारी आहे. अहंकार कसा आवरावा यावर कचेरीच्या प्रशिक्षण वर्गांत मी भाषणे ऐकली आहेत आणि कीर्तनांतूनही पुष्कळ ऐकले आहे. ऐकताना ते सगळे पटते, आणि आपल्याला हे पटले याचे थोडे समाधान वाटून मीपणा होता तिथेच राहतो. वारीचे मला पटलेले वेगळेपण असे की तिथे याबाबत उपदेशापेक्षा रचनेवर अधिक भिस्त ठेवलेली आहे. माणसाने नम्र व्हावे म्हणून कोणी त्याच्या मागे लागत नाही. मिरवायला जागाच कमी उरेल अशी व्यवस्था तेवढी केलेली असते.

वीणेचेच पाहावे. दिंडीत वीणा ज्याच्या गळ्यात त्याचा शब्द चालतो, पण ती कोणाच्या मालकीची नसते. ती खाली ठेवायची नसते. एक थकला की दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि त्या वेळी घेणारा वीणेला व देणाऱ्याला नमस्कार करतो, तसाच देणाराही घेणाऱ्याच्या पाया पडतो. आमच्या दिंडीत सध्या वीणा धरणारा मुलगा दादरच्या फुलबाजारात हमाली करतो. वयाने तो माझ्या मुलाएवढा असेल. परळला त्याने वीणा माझ्या गळ्यात घातली तेव्हा त्याच्या पायांवर डोके ठेवताना माझी पाठ क्षणभर ताठ झाली, आणि ती झाली हे मला आतून स्पष्ट कळले. त्याला काहीच कळले नसावे, कारण तोवर तो माझ्या पायांशी वाकला होता. कोणाची पाठ केव्हा ताठ होते याची चौकशी कोणी करीत नाही, नमस्कार मात्र चुकत नाही. मन तयार होण्याची वाट न पाहता शरीराला आधी वाकायला लावायचे, हा क्रम मला कोणत्याही भाषणापेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो.

टाळांचेही तसेच आहे. समोरासमोरच्या ओळींत टाळकरी उभे राहतात, पखवाज लय धरतो आणि पावलीचे पाऊल सगळ्यांचे एकदम पडावे लागते. स्वतःचा टाळ स्वतःला निराळा ऐकू येऊ लागला की समजावे, लय सुटली आहे. जोवर सगळे जमून आलेले असते तोवर आपला आवाज कोणता हे सांगता येत नाही. शिवाय भजनाचा क्रम ठरलेला असतो. मंगलाचरण झाले की रूपाचा अभंग, आणि पुढेही मालिकेबरहुकूम. एखाद्याचा गळा कितीही गोड असला तरी आपल्या आवडीचे पद मध्येच घुसवून वाहवा मिळवण्याची सोय त्यात नाही. गोड गळ्याच्या माणसांना याचा जाच होतो, हेही खरे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र याच्या नेमके उलटे दृश्य असते. वारकऱ्यांचे स्वागत करणारे फलक खांबाखांबावर लावलेले, आणि त्यांवर विठोबा कोपऱ्यात व शुभेच्छुक मध्यभागी, तोही हात जोडलेला. हसू येते, पण फार हसण्यातही अर्थ नाही, कारण आपला फोटो लावायला खांब मिळत नाही म्हणून आपण निराळे ठरतो, असे थोडेच आहे?

मीपणा आवरणे म्हणजे मान खाली घालून सगळे सोसणे, असा मात्र वारकरी पंथाचा अर्थ नाही. पूर्वी याच मंडळाबरोबर मी माउलींच्या पालखी सोहळ्यात चाललो आहे, आणि त्या वाटेवरची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे मुक्कामाच्या तळावरची समाज आरती. दिवसभराची चाल संपली की सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळांचा एकच गजर चाललेला असतो, आणि मग चोपदार चोप उंचावतात. त्याबरोबर हजारो टाळ क्षणात थांबतात. पण एखाद्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, कोणी रांग मोडली असेल किंवा अन्याय झाला असेल, तर ती दिंडी टाळ थांबवीत नाही. एवढ्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात आणि जागच्या जागी निवाडा होतो. मग हरवले-सापडलेल्याच्या घोषणा होतात आणि आरती सुरू होते. दिंड्यांचे क्रमही रथापुढे कोण आणि रथामागे कोण असे ठरवून दिलेले आहेत. मान नाहीसा करण्याच्या भानगडीत परंपरा पडलेली नाही. रोज उठून त्यासाठी झगडावे लागू नये, एवढी सोय तिने केली आहे. स्वाभिमान आणि अहंकार यांतला फरक मी यापूर्वी पुष्कळदा ऐकला होता, परंतु तो मला नीट उमगला तो तळावर वाजत राहिलेल्या त्या टाळांमुळे. त्या दिंडीला आपले म्हणणे ऐकले जावे एवढेच हवे होते. इतरांपेक्षा मोठे ठरायचे नव्हते, आणि निवाडा होताच तिचे टाळही थांबले.

वडाळ्याला पोहोचलो तेव्हा दर्शनाची रांग दूरवर गेली होती. आम्ही शेवटाला उभे राहिलो. रांगेच्या व्यवस्थेत असलेल्या एका ओळखीच्या स्वयंसेवकाने मला पाहिले आणि तो लगबगीने आला. "साहेब, तुम्ही इथे कशाला? इकडून या ना." सकाळपासून सगळेजण मला माउली म्हणत होते, 'साहेब' हा शब्द कानावर पडताच जे बरे वाटले ते लपवण्यासारखे नव्हते. मी नको म्हटले. माझ्या मागे आमच्या मंडळातले आबा उभे होते. आबा गिरणीत साचा खात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. 1982 च्या संपानंतर त्यांनी बरीच वर्षे भाजीची गाडी चालवली. आपले हे नको म्हणणे आबांनी ऐकले असावे अशी माझी फार इच्छा होती, आणि त्या इच्छेत रांग मोडून आत जाण्यापेक्षाही अधिक गोडी होती. आबांनी ऐकले होते. ते म्हणाले, "राहताय ना माउली? मग या चपलांच्या पिशव्या धरा जरा, मी चहा मारून येतो."

पुढचा बराच वेळ मी आमच्या सगळ्या दिंडीच्या ओल्या चपला घेऊन उभा होतो. 1290 साली लिहिल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात एक ओवी आहे: "नवल अहंकाराची गोठी । विशेषें न लगे अज्ञानापाठीं । सज्ञानाचे झोंबे कंठीं । नाना संकटीं नाचवी ॥" अजाण माणसाच्या मागे अहंकार फारसा लागत नाही, जाणत्याच्या मात्र गळ्याला मिठी मारतो, असे ज्ञानदेव म्हणतात. पाठांतरात ही ओवी मला कधीपासून होती. रांगेत उभे राहिल्यावर तिचा रोख माझ्या लक्षात आला. अहंकार ओळखणे ही एकदाच करून टाकायची गोष्ट नव्हे. तो ओळखला गेला की नवे सोंग घेऊन येतो, आणि त्यागाचे सोंग त्याला सर्वांत शोभून दिसते. म्हणूनच तो समूळ गेला असे म्हणणाऱ्यापेक्षा, आत्ता तो कोणत्या वेषात आला आहे एवढे पाहणाऱ्याचे बरे चालत असावे. आळंदीच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे आणि पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवांची. सोहळा उभा करणारा आणि विठ्ठलाचा लाडका, दोघांनीही आपल्यासाठी जागा घेतली ती येणाऱ्यांच्या पायांजवळ. त्यांनाही या सोंगांचा पुरता अनुभव असला पाहिजे, असे मला वाटते.

कचेरीत परत आल्यावर मी वारीतली रचना तेवढी उचलली. आमच्या विभागाच्या बैठकीपूर्वी येणाऱ्या सूचना आता नावांशिवाय एकाच टिपणात फिरवल्या जातात, म्हणजे कोणाची सूचना यापेक्षा ती कशी आहे यावर बोलणे होते. कनिष्ठ मंडळी पूर्वीपेक्षा मोकळेपणाने विरोध करू लागली आहेत, आणि तो ऐकताना माझी पाठ अजूनही अधूनमधून ताठ होते. माझी सूचना कोणती हे मात्र सगळे लगेच ओळखतात, कारण टिपणात सर्वांत लांब तीच असते.