सेजब्रश आणि पाण्याचा हात: आमच्या रोपवाटिकेची वाटचाल

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या टेकड्यांवर कुणी न लावता वाढणारा सेजब्रश, म्हणजे राखाडी पानांचं एक सुवासिक झुडूप, रोपवाटिकेत आणून जपला की का मरतो, या प्रश्नाभोवतीच आमचा धंदा आजवर फिरत आला आहे.

मराठी गिऱ्हाईक आलं की आम्ही आधी सेजब्रशचं पान चुरगळून हातावर ठेवतो. जोतिबाला चैत्रात वाहतात तो दवणा आणि हा सेजब्रश (शास्त्रीय नाव आर्टेमिसिया कॅलिफोर्निका) एकाच गोतातले. ‘सेज’ नावामुळे लोक याला साल्व्हिया समजतात. साल्व्हिया तुळशीच्या कुळातला, हा झेंडू-शेवंतीच्या.

सुरुवात बियांवर केली. बी धुळीसारखं बारीक, आणि त्याला रुजायला उजेड लागतो. सवयीने मातीखाली झाकलेले आमचे पहिले ट्रे रिकामेच राहिले. आता ओल्या मिश्रणावर बी भुरभुरतो, तळहाताने नुसतं दाबतो आणि ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल चढू देतो. पण बियांची रोपं एकसारखी निघत नाहीत. एक कमरेएवढं, दुसरं डोक्याएवढं. एक राखाडी, दुसरं हिरवट. डोंगरउतारावर पुन्हा झाडोरा उभा करायचा असेल तर हेच हवं, आणि बीही त्याच भागातलं हवं. घरच्या बागेला मात्र सारखेपणा लागतो, म्हणून कलमांकडे वळलो. कलमाच्या वाणांपैकी ‘कॅनियन ग्रे’ जमिनीलगत पसरतो, ‘मोंटारा’ आटोपशीर गोल राहतो.

कलमासाठी डिसेंबर ते फेब्रुवारीत, फुलोरा नसलेल्या शेंड्याची 8 ते 10 सेंटिमीटरची काडी घ्यायची. खालची निम्मी पानं काढायची, बुडाला मुळं फुटायला मदत करणारी 0.3 टक्के आयबीए पावडर लावायची आणि बहुतांश परलाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे) असलेल्या ट्रेमध्ये खोवायची. तळाला 20-21 अंश ऊब दिली की महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. इथे घात होतो तो पाण्याच्या फवाऱ्याने. या राखाडी, केसाळ पानांवर पाणी साचलं की ती काळी पडून सडतात. पानं कोमेजणार नाहीत एवढाच फवारा, आणि मुळं दिसताच तोही बंद.

धंद्याची घडी खरी बदलली ती मूळकुजीमुळे. 2012 मध्ये मोंटेरे काउंटीतल्या एका रोपवाटिकेत फायटोफ्थोरा टेंटाक्युलाटा हा मुळं कुजवणारा रोगजंतू सापडला. अमेरिकेत तो प्रथमच दिसला होता, आणि पुढे सेजब्रशवरही आढळला. रोपवाटिकेतून गेलेलं रोगट रोप अख्खा डोंगर नासवू शकतं. बुरशीनाशकाने रोप हिरवं दिसतं, पण रोग जात नाही. म्हणून आम्ही ते मारतच नाही. त्याऐवजी कुंड्या धुऊन 60 अंश वाफेत अर्धा तास ठेवतो, रोपं कंबरेएवढ्या जाळीच्या मांडवावर मांडतो आणि पाइपाचं तोंड खुंटीला टांगतो. ते जमिनीला टेकून मातीतला रोग उचलला की सगळी मेहनत पाण्यात. कुंडीच्या मिश्रणात निम्मा प्युमिस (हलका सच्छिद्र ज्वालामुखी दगड), बाकी सालीचा चुरा आणि थोडं कोकोपीट. खत जवळजवळ नाहीच.

लागवड पहिल्या पावसानंतर, म्हणजे इथे नोव्हेंबर-डिसेंबरात. खड्डा कुंडीएवढाच खोल, पण दुप्पट रुंद. त्यात कंपोस्ट घालायचं नाही. रोपाचा गळा, म्हणजे खोड आणि मुळं जुळतात ती जागा, जमिनीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर राहिला पाहिजे, आणि सालीचं आच्छादन खोडापासून वीतभर लांब. दोन रोपांत चार-पाच फूट. या झाडातलं तेल पेट घेतं, म्हणून घराच्या भिंतीलगत लावायला आम्ही साफ नकार देतो.

पाणी पहिल्या हिवाळ्यात पाऊस नसेल तर दर पंधरवड्याला, पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांनी एकदा, भरपूर आणि सावकाश. ठिबकाचा थेंब बुंध्याशी नको, फांद्यांच्या घेराबाहेर हवा. दुसऱ्या उन्हाळ्यापासून जवळजवळ काहीच नाही. खरा पेच ऑगस्टमध्ये येतो. झाड पानं गाळतं, उरलेली तपकिरी होतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं, तहानलंय. उन्हाळ्यात झाडाला पाणी घालणं आपल्याकडे पुण्याचं, इथे तेच पाप. तापलेल्या मातीत पाणी मुरलं की मुळं कुजतात. पाणी घालण्याआधी नखाने काडी खरवडून बघावी. आत हिरवं असेल तर झाड नुसतं झोपलंय, पावसाची वाट बघतंय.

छाटणी पहिल्या पावसानंतर कोवळा फुटवा दिसला की, एक तृतीयांशपर्यंतच. पानं नसलेल्या जुन्या लाकडात कात्री घातली तर तिथून फुटेलच याचा भरवसा नाही. फेब्रुवारी ते ऑगस्ट कात्री बंद. कॅलिफोर्निया नॅटकॅचर हा चिमुकला पक्षी याच झुडपांत घरटं करतो आणि 1993 पासून तो संकटग्रस्तांच्या यादीत आहे. झुडपातून मांजराच्या पिल्लासारखं म्यांव ऐकू आलं, तर तो तिथेच आहे असं समजावं.