गारगोटीचा रेणू केवढा?

वेताळ टेकडीवरून फिरून येताना माझ्या भाचीने गारगोटीचा एक तुकडा खिशात घालून आणला आणि तो रसायनशास्त्राच्या वहीवर ठेवून विचारले, "मावशी, कार्बन डायऑक्साइड (CO₂) आणि सिलिका, म्हणजे ही गारगोटी (SiO₂), यांची सूत्रे इतकी सारखी आहेत, मग एक वायू आणि दुसरा दगड कसा?"

घोटाळा सूत्र वाचण्याच्या सवयीत आहे. कार्बन डायऑक्साइडचे सूत्र सुट्या रेणूचे वर्णन करते, सिलिकाचे सूत्र मात्र केवळ अणूंचे प्रमाण सांगते. गारगोटीच्या स्फटिकात सिलिकॉनचा प्रत्येक अणू ऑक्सिजनच्या चार अणूंशी आणि ऑक्सिजनचा प्रत्येक अणू सिलिकॉनच्या दोन अणूंशी सहसंयुज बंधांनी (इलेक्ट्रॉन वाटून घेणाऱ्या बंधांनी) जोडलेला असतो, आणि ही वीण स्फटिकाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग जाते. भाचीने वहीत चार ऑक्सिजन काढले, प्रत्येक शेजाऱ्याशी अर्धा वाटला आणि हिशेब एका सिलिकॉनमागे दोन ऑक्सिजनवर आणला. सिलिकॉनचा अणू आकाराने मोठा असल्यामुळे त्याचा ऑक्सिजनशी होणारा दुहेरी बंध दुबळा ठरतो. म्हणून तो चार एकेरी बंध पत्करतो.

'सहसंयुज पदार्थांचा द्रवणांक कमी असतो' हे घोकलेले वाक्य येथे अडते. मेण वितळते तेव्हा रेणूंमधली क्षीण ओढ सैल होते, रेणूंच्या आतले बंध शाबूत राहतात. गारगोटीत सैल व्हायला अशी दुबळी जागाच नाही, मोडायचे ते सहसंयुज बंधच. त्यामुळे सिलिका वितळायला सुमारे १,७०० अंश सेल्सिअस तापमान लागते, तर कोरडा बर्फ (गोठलेला कार्बन डायऑक्साइड) उणे ७८ अंशांनाच वायू होतो.

हिऱ्यातही चौफेर अशीच वीण असते. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचा प्रत्येक अणू तिघांशीच जोडलेला असतो आणि त्यातून सपाट थर बनतात. थरातल्या शेजारी अणूंमधले अंतर ०.१४२ नॅनोमीटर, तर दोन थरांमधले ०.३३५; थरांमधली ओढ क्षीण असल्याने ते सहज सुटतात, आणि म्हणूनच पेन्सिलीचे शिसे (नावालाच शिसे, असते ग्रॅफाइट!) बोटाला काळे करते.

भाचीने खडा रिकाम्या बाटलीवर दाबून ओढला, तेव्हा काचेवर पांढरा ओरखडा उमटला. "पण काचही सिलिकाचीच ना?" बाटलीच्या काचेत सोडियम आणि कॅल्शियमची ऑक्साइडे मिसळलेली असतात, सोडियममुळे सिलिकॉन-ऑक्सिजनचे काही पूल मध्येच तुटतात, आणि त्यामुळेच ती काच भट्टीत बऱ्याच कमी तापमानाला मऊ होते.